गाठ हाताला लागत नाही, मग मानेचं ऑपरेशन कशाला?

समजा, तुमच्या काकांच्या जिभेच्या कडेला एक फोड आला. महिना झाला तरी बरा होईना, म्हणून दाखवलं. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आला : कॅन्सर. पण लवकर सापडलाय, दोन सेंटिमीटरचाही नाही. मान चाचपून पाहिली, सोनोग्राफी केली, कुठं गाठ नाही. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि तेवढ्यात सर्जन म्हणाले, ‘जिभेबरोबर मानेचंही ऑपरेशन करून घेऊ.’

आता काकू विचारणार, ‘मानेत काही नाही म्हणताय, मग मान कशाला कापायची?’ आजी म्हणणार, ‘उगाच नको त्या जागेला सुरी लावू नका.’ कुणीतरी पुण्याहून फोनवर सल्ला देणार, ‘थोडं थांबून बघा की.’ आणि शेवटी सगळे तुमच्याकडं वळणार. ‘तू कॉलेजला आहेस ना, तू वाच जरा ती फाइल.’

आपल्या भागात हे अजिबात लांबचं नाही. ‘ग्लोबोकॅन’च्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण सापडतात आणि भारतीय पुरुषांमध्ये हा कॅन्सर पहिल्या नंबरवर आहे. तंबाखूच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जाणारं निपाणी इथून तासाभरावर. त्यामुळे ही फाइल कधी ना कधी तुमच्या हातात येऊ शकते. ती वाचायची कशी, हे आधीच माहीत असलेलं बरं.

मानेतले नाके

आधी शरीराची सिस्टीम समजून घेऊ. आपल्या पेशींमधून जे पाणी झिरपतं ते बारीक नळ्यांतून गोळा होऊन परत रक्तात जातं. वाटेत त्याला लसिका ग्रंथी लागतात. सोप्या भाषेत, नाके. कोल्हापूरकरांना टोलनाका हा शब्द ऐकूनच राग येतो, पण हे नाके कामाचे आहेत. येणारं-जाणारं सगळं इथं तपासलं जातं. घसा दुखला की जबड्याखाली जी गाठ लागते, ती हीच.

जिभेतून, गालाच्या आतून, जिभेखालून निघणाऱ्या या नळ्या मानेत उतरतात. कॅन्सरच्या पेशी मूळ जागेवरून सुटल्या की बहुतेक वेळा पहिल्यांदा इथंच येऊन थांबतात. काही पेशी आल्या म्हणून ग्रंथी लगेच मोठी होत नाही. तिचा आकार नेहमीसारखाच राहतो. बोटाला काही लागत नाही. सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यांनाही इतकी बारीक वस्ती अनेकदा दिसत नाही. ती दिसते फक्त ग्रंथी काढून, तिचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावर. म्हणजे ‘मानेत काही नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘मानेत काही दिसत नाही’ एवढाच असतो.

इथूनच वाद सुरू होतो. दोन रस्ते आहेत. पहिला : तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढायच्या, त्यात काही असो वा नसो. दुसरा : फक्त तोंडाचं ऑपरेशन करायचं, मग पेशंटला नियमित बोलवत राहायचं आणि मानेत गाठ आलीच तर तेव्हा मान करायची.

दुसरा रस्ता ऐकायला शहाणपणाचा वाटतो ना? गरज पडली तरच ऑपरेशन. खर्च कमी, जखम कमी. शिवाय मानेच्या ऑपरेशनची जुनी ख्याती भीतिदायक होती. अमेरिकेतले सर्जन जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये या शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. त्या पद्धतीत ग्रंथींबरोबर मानेतला मोठा स्नायू, गळ्याची मोठी शीर आणि खांदा उचलणारी नस, सगळंच काढलं जायचं. पेशंट वाचला तरी हात डोक्यावर नेताना त्याचे हाल. मग ‘नसलेल्या’ आजारासाठी हे कोण करून घेईल?

नंतरच्या काळात ही शस्त्रक्रिया बरीच सौम्य झाली. आता लवकरच्या टप्प्यात जबड्याखालपासून मानेच्या साधारण मध्यापर्यंतच्या ग्रंथी काढतात आणि नस, शीर, स्नायू जपतात. तरी वाद काही मिटला नाही. जवळपास पाच दशकं तो सुरू राहिला. एका हॉस्पिटलात मान करायचे, दुसऱ्यात थांबायचे, आणि दोन्हीकडचे सर्जन आपापल्या अनुभवावर ठाम. फ्रान्स, ब्राझील, भारत अशा ठिकाणी छोटे अभ्यास झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनेही १९८९ मध्ये जिभेच्या कॅन्सरच्या ७० रुग्णांवरचा एक अभ्यास छापला. पण एवढ्या कमी माणसांत फरक खरा की योगायोग, हे ठरवता येत नाही.

उत्तर परळमधून आलं

या प्रश्नाचा निकाल लंडन-न्यूयॉर्कमध्ये लागला नाही. तो लागला परळला, टाटा मेमोरियलमध्ये. तिथं २००४ मध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली मोठी चाचणी सुरू झाली. तोंडाचा लवकरच्या टप्प्यातला कॅन्सर असलेले आणि मानेत गाठ न लागणारे रुग्ण त्यात घेतले. कुणाची मान लगेच करायची आणि कुणाची नाही, हे ना डॉक्टर ठरवणार ना पेशंट. ते ठरणार चिठ्ठीसारखं, यदृच्छेने. शाहू स्टेडियमवर मॅचआधी टॉस होतो ना, साधारण तसं.

‘माणसांच्या जिवावर टॉस?’ असं तुमच्या मनात येईल. येऊ दे, प्रश्न बरोबरच आहे. पण दोन्ही उपचार तेव्हा जगभर रूढ होते आणि कुठला चांगला हे प्रामाणिकपणे कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरनं निवड केली असती तर नकळत तब्येतीनं धडधाकट पेशंट एका बाजूला गेले असते आणि नाजूक दुसऱ्या बाजूला. मग निकालात ऑपरेशनचा गुण कुठला आणि तब्येतीचा कुठला, हे कळलंच नसतं. टॉसमुळे दोन्ही गट सारखे होतात. पेशंटना हे सगळं सांगून, त्यांची संमती घेऊनच पुढं जातात.

दहा वर्षांत ५९६ रुग्ण या चाचणीत सामील झाले. पहिल्या ५०० जणांच्या माहितीचं विश्लेषण केलं तेव्हा फरक इतका स्पष्ट दिसला, की नवे रुग्ण घेणं थांबवण्यात आलं. ३१ मे २०१५ ला शिकागोमध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या सर्वांत मोठ्या परिषदेच्या मुख्य सत्रात हा निकाल मांडला गेला आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापूनही आला.

त्याच वर्षीची दुसरी तारीख आपल्या भागाच्या लक्षात आहे. १६ फेब्रुवारी २०१५. शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील म्हणजे सगळ्यांचे ‘आबा’, तोंडाच्या कॅन्सरनं गेले. वय फक्त ५७. त्यांचा आजार कुठल्या टप्प्यात सापडला, याचा या चाचणीशी संबंध जोडायचा नाहीये. पण हा आजार कुणाच्या दारात येतो, हे सांगायला ती तारीख पुरेशी आहे.

आकडे नीट वाचू

पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला एक सवय लावतात : आकडा दिसला की विचारायचं, ‘किती जणांमधले?’ तेच इथं करू.

विश्लेषणातल्या ५०० जणांपैकी २४५ जणांची मान तोंडाबरोबरच केली होती. २५५ जणांच्या बाबतीत थांबून लक्ष ठेवलं होतं.

लगेच मान केलेल्या गटात ८१ जणांचा आजार उलटला आणि ५० जण दगावले. थांबलेल्या गटात १४६ जणांचा आजार उलटला आणि ७९ जण दगावले.

तीन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ६७.५ टक्के. आजार परत न येता जगण्याचं प्रमाण पहिल्या गटात ६९.५ टक्के, दुसऱ्यात ४५.९ टक्के.

टक्के बाजूला ठेवा. मिसळीच्या हॉटेलात दोन टेबलं जोडून आठ जण बसलेत, असं समजा. या आठही जणांची मान तोंडाबरोबरच केली, तर थांबण्याच्या तुलनेत त्यातला एक जास्तीचा माणूस वाचतो. आणि दर चार जणांमागे एकाचा आजार उलटायचा टळतो. कॅन्सरच्या उपचारात एवढा फरक पाडण्यासाठी महागडी नवी औषधं शोधावी लागतात. इथं नवं औषध नव्हतं, नवं मशीन नव्हतं. जे ऑपरेशन सर्जनना आधीपासून येत होतं, ते कधी करायचं, एवढाच प्रश्न होता.

थांबल्यावर नेमकं काय होतं?

‘पण गाठ आल्यावर मान करतातच ना? मग फरक का?’ हाच प्रश्न मला वाचताना पडला होता.

कारण असं, की गाठ हाताला लागेपर्यंत खेळ बराच पुढं गेलेला असतो. थांबलेल्या गटात जेव्हा मानेत आजार सापडला, तेव्हा तो जास्त पसरलेला होता. अनेकांत तो ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आला होता. तसं झालं की ऑपरेशन मोठं करावं लागतं, वर किरणोपचार म्हणजे ज्याला आपल्याकडं ‘लाईट देणं’ म्हणतात तो, कधी केमोही. एवढं करूनही सगळेच वाचत नाहीत.

आणि लक्षात घ्या, हे चाचणीतले पेशंट होते. त्यांना वेळच्या वेळी बोलावलं जात होतं, सुरुवातीच्या महिन्यांत तर जवळपास दर महिन्याला. टाटासारख्या ठिकाणी, अनुभवी हातांखाली. तरी हा निकाल. आता चंदगडहून किंवा राधानगरीच्या आतल्या एखाद्या वाडीवरून येणाऱ्या माणसाचा विचार करा. शहरात यायचं म्हणजे अख्खा दिवस आणि त्या दिवसाचा रोजगार गेला. पहिल्या दोन फेऱ्या होतात. तिसऱ्या वेळी सुगी असते, चौथ्या वेळी घरात लग्न. ‘दुखत तर नाही, बघू पुढच्या महिन्यात.’ लक्ष ठेवण्याचा उपचार कागदावर सोपा दिसतो, पण तो रोज जगावा लागतो. तो पाळता येईल असं आयुष्य प्रत्येकाचं नसतं.

मग सरसकट सगळ्यांची मान?

इथं थोडं थांबू, कारण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे.

लगेच मान केलेल्या गटात साधारण ३० टक्के लोकांच्या ग्रंथींमध्ये खरंच लपलेला कॅन्सर सापडला. म्हणजे उरलेल्या ७० टक्क्यांच्या ग्रंथी स्वच्छ होत्या. त्यांनी मानेवरची लांब जखम, बधिरपणा, खांद्याचा जडपणा सोसला आणि हाती आला ‘काही नव्हतं’ असा रिपोर्ट. ऑपरेशनशी संबंधित त्रासाचं प्रमाण या गटात ६.६ टक्के होतं, थांबलेल्या गटात ३.६ टक्के. खांदा उचलणारी नस जपली तरी ती ताणली जाते आणि काही जणांना महिनोन्‌महिने हात वर नेता येत नाही. हमाली करणाऱ्याला, गवंड्याला, तालमीत घुमणाऱ्या पैलवानाला हा त्रास किरकोळ नाही. अडचण अशी, की त्या सत्तरांत कोण आणि तिसांत कोण, हे ऑपरेशनआधी सांगता येत नाही.

चाचणीच्या मर्यादाही आहेत. त्यातल्या बहुतेकांचा कॅन्सर जिभेचा होता. आपल्याकडं मावा, गुटखा गालात धरून ठेवल्यानं गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर खूप दिसतो, त्याचे रुग्ण या चाचणीत तुलनेनं कमी होते. दुसरं म्हणजे, आजार किती खोल गेलाय यावर बरंच अवलंबून असतं. ३ मिलिमीटर किंवा त्याहून उथळ असेल, तर लगेच मान करण्याचा फायदा या चाचणीत स्पष्ट दिसला नाही. म्हणून वरवरच्या, अगदी छोट्या आजारात सर्जन थांबायचा सल्ला देऊ शकतात आणि तो योग्यही असू शकतो.

ब्रिटनमधल्या एका चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला, त्यानंही मान लगेच करण्याच्या बाजूनंच कौल दिला. आणि आता मधला रस्ताही पुढं येतोय. आजाराभोवती किरणोत्सारी द्रव टोचायचा, तो मानेतल्या ज्या ग्रंथीत आधी पोहोचेल ती ‘पहारेकरी’ ग्रंथी शोधायची आणि तेवढीच काढून तपासायची. ती स्वच्छ असेल तर बाकी मान सोडून द्यायची. फ्रान्समध्ये २०२० साली आणि जपानमध्ये २०२१ साली आलेल्या निकालांत या पद्धतीनं जगण्याचं प्रमाण कमी झालं नाही. पण त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग, खास यंत्र आणि अनुभवी पॅथॉलॉजिस्ट लागतात. ही सोय प्रत्येक शहरात नाही.

फाइल तुमच्या हातात आली की

निर्णय डॉक्टर आणि पेशंटनं मिळून घ्यायचा. तुमचं काम प्रश्न विचारायचं. वहीत लिहून न्या, डॉक्टरांसमोर गेल्यावर अर्धे विसरतात.

१. आजार किती मिलिमीटर खोल आहे? नुसती लांबी-रुंदी पुरत नाही. २०१८ पासून वापरात असलेल्या टप्पे ठरवण्याच्या पद्धतीत खोलीही मोजतात.

२. मानेच्या कुठल्या भागातल्या ग्रंथी काढणार? खांद्याची नस जपणार ना?

३. पहारेकरी ग्रंथी तपासण्याची सोय इथं किंवा जवळपास आहे का?

४. मान आता करायची नाही असं ठरलं, तर तपासणीला किती दिवसांनी यायचं? किती वर्षं? आणि पेशंटला ते खरंच जमणार आहे का?

५. खांद्याचे व्यायाम कधीपासून सुरू करायचे, कोण शिकवणार?

६. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का? योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये ‘आरोग्यमित्र’ असतात. ॲडमिट होण्याआधीच त्यांना भेटा.

आणि पेशंटला खोलीबाहेर बसवून सगळं ठरवू नका. मान त्यांची आहे.

आता तुमच्याबद्दल

इथवर वाचून ‘हे सगळं काका-मामांचं’ असं वाटत असेल, तर जरा कॉलेजबाहेर बघा. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. आणि मावा? टपरीवर बसून समोर घोटून मिळतो. प्लास्टिकच्या कागदातल्या त्या पुडीवर ना धोक्याचं चित्र असतं, ना सोडायला मदत करणारा नंबर. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू वापरत होते. साधारण चारात एक. तुमच्या ग्रुपमध्ये चार जण असतील तर मोजून बघा.

‘मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ म्हणणाऱ्या भावालाही सांगा : जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात उभी जातात का, बघा. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरांकडं जा. ऑर्थोडॉन्टिस्टची वाट बघू नका, कुठलाही डेंटिस्ट चालेल.

लवकर बघण्याचा फायदा होतो, हेही आपल्याच देशात सिद्ध झालंय. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये आलेल्या निकालानुसार तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. लागलं काय? टॉर्च आणि बघणारी माणसं.

टॉर्च तर तुमच्या मोबाइलमध्येच आहे. महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून जीभ दोन्ही बाजूंना वळवा, जिभेखाली बघा, गाल ओढून आतून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम, तिखट खाल्ल्यावर पूर्वी न होणारी जळजळ, मानेत न दुखणारी गाठ, यातलं काही दिसलं की दाखवा. कोल्हापुरी माणसाला तांबडा रस्सा झोंबायला लागला, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं लक्षण नाहीच! घरातल्या तंबाखू खाणाऱ्यालाही असंच आरशासमोर उभं करा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे.

परळच्या त्या चाचणीत सामील झालेल्या ५९६ माणसांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत. टॉस कुठल्या बाजूला पडेल हे माहीत नसताना त्यांनी हो म्हटलं, म्हणून आज सर्जनला ‘माझा अनुभव असा’ एवढ्यावर थांबावं लागत नाही, आकडे समोर ठेवता येतात. ते आकडे आता तुम्हालाही माहीत आहेत. घरात कुणाला गरज पडली, तर ते मराठीत समजावून सांगणारं माणूस तुम्हीच असाल.